जहाजाच्या नावाखाली ठेवलेली माणसं
(लेखमाला : युद्धातल्या माणसांचा कागदोपत्री माग – लेखांक ७)

गेल्या आठवड्यात आपण युद्धनौकांचे हजेरीपट पाहिले. नाव सापडलं की माणूस कोणत्या नौकेवर होता, कोणत्या हुद्द्यावर होता, कधी चढला, कधी उतरला, सगळं उलगडत जातं. दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकी नौदलाच्या सुमारे १ लाख ४५ हजार माणसांच्या बाबतीत मात्र ही वाट अर्ध्यात संपते. त्यांचा गणवेश नौदलाचा होता, पगारही नौदलाचा. फक्त ती ज्या जहाजांवर लढली, ती जहाजं नौदलाची नव्हती.

ही ‘आर्म्ड गार्ड’ची माणसं, म्हणजे व्यापारी जहाजांवरचे गोलंदाज. गोलंदाज हा शब्द आज आपण क्रिकेटला देऊन टाकला आहे, पण मूळचा तो तोफ डागणाऱ्याचा. इथे तो त्याच जुन्या अर्थानं वाचावा.

व्यापारी जहाजांवर तोफा बसवायला अमेरिकेच्या तटस्थता कायद्यानं मनाई होती. नोव्हेंबर १९४१ मध्ये ते कलम रद्द झालं आणि नौदलानं घाईघाईनं पथकं उभी केली. एखाद्या ‘लिबर्टी’ प्रकारच्या मालवाहू जहाजावर मागे एक मोठी तोफ, पुढे एक, कडेनं वीस मिलिमीटरच्या ऑर्लिकन तोफा. त्या चालवायला एक तरुण अधिकारी आणि साधारण दोन डझन नौसैनिक. त्यांच्यातच संदेशवाले आणि बिनतारीवाले. अशी पथकं ६,२३६ जहाजांवर गेली. त्यांतली ७१० जहाजं बुडाली आणि १,८१० गोलंदाज परतले नाहीत.

शोध घेणाऱ्याची पहिली फसगत इथेच होते. दोन सफरींच्या मधल्या काळात या माणसांची नोंद असे ती ब्रुकलिन, न्यू ऑर्लिन्स किंवा सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या ट्रेझर आयलंडवरच्या आर्म्ड गार्ड केंद्रात. नातवाच्या हाती ‘ब्रुकलिन’ एवढाच शिक्का लागतो आणि आजोबांनी सगळं युद्ध किनाऱ्यावर काढलं, असा समज घरात रुजतो. ज्यानं उत्तर अटलांटिकच्या थंडीत रात्र रात्र तोफेशी पहारा दिला, त्याच्या वाट्याला हे यावं याचं मला फार वाईट वाटतं. म्हणून केंद्राचं नाव दिसलं तर तिथे थांबू नका. पुढचा प्रश्न विचारा, की तिथून तो कोणत्या जहाजावर गेला?

त्याचं उत्तर अनेकदा काखेत कळसा असतं. नौदलातून सुटताना मिळालेल्या दाखल्यावर, कोणकोणत्या जहाजांवर आणि ठाण्यांवर काम केलं, ते लिहायला जागा होती. घरच्या ट्रंकेत तो कागद असेल तर अर्धं काम झालं. नसेल तर सेंट लुईसच्या राष्ट्रीय कार्मिक अभिलेख केंद्राकडे सेवापुस्तक मागायचं. तिथे १२ जुलै १९७३ रोजी लागलेल्या आगीत भूदलाची आणि हवाई दलाची लाखो पुस्तकं जळाली. नौदलाची त्यातून वाचली. ‘सगळं जळालं हो’ असं ऐकून हात टेकलेल्या कुटुंबांनी हे जरूर लक्षात घ्यावं. सेवा संपून ६२ वर्षं झाली की पुस्तक सर्वांना खुलं होतं, त्यामुळे महायुद्ध संपताच सुटलेल्यांची आता कुणालाही मागवता येतात. अर्जात नावासोबत सेवाक्रमांक देता आला तर उत्तम.

जहाजाचं नाव हाती आलं की खरा खजिना उघडतो. मेरीलँडमधल्या कॉलेज पार्कच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आर्म्ड गार्डच्या फायली जहाजांच्या नावांनुसार लावल्या आहेत. त्यांत पथकाच्या अधिकाऱ्यानं लिहिलेला सफरीचा अहवाल असतो : कोणत्या बंदरातून निघालो, कोणत्या काफिल्यात होतो, धोक्याची घंटा कधी झाली, किती फैरी झाडल्या, कोणती तोफ अडली. सोबत अनेकदा पथकाची नामावळी. व्यापारी कप्तानाशी पटलं की नाही, हेही बरेच अधिकारी लिहून ठेवत. कारण त्याच डेकवर दोन वेगळ्या पगारांची, दोन वेगळ्या शिस्तींची माणसं महिनोन्‌महिने एकत्र राहत. मला हे अहवाल आवडतात ते त्यांच्या साधेपणामुळे. सैन्याचं सामान घेऊन कराची, मुंबई, कलकत्त्याला आलेल्या अमेरिकी जहाजांच्या फायलींत तर आपली बंदरंही भेटतात.

पण अहवाल लिहिणाराच उरला नाही तर? २७ सप्टेंबर १९४२ रोजी दक्षिण अटलांटिकमध्ये ‘स्टीफन हॉपकिन्स’ या लिबर्टी जहाजाची गाठ ‘श्टीअर’ या सशस्त्र जर्मन जहाजाशी पडली. हॉपकिन्सवर मोठी म्हणावी अशी एकच चार इंची तोफ. पथकाचे अधिकारी केनेथ विलेट पोटात जखम घेऊन ती चालवत राहिले. दोन्ही जहाजं बुडाली. विलेट गेले, कप्तान पॉल बक गेले. एका नावेतून पंधराजण महिनाभरानं ब्राझीलच्या किनाऱ्याला लागले. आज ती लढाई आपल्याला कळते ती प्रामुख्यानं त्यांच्या आणि शत्रूच्या सांगण्यावरून. बुडालेल्या जहाजांच्या बाबतीत म्हणूनच नौदलानं घेतलेल्या, वाचलेल्यांच्या जबान्या शोधायच्या.

ब्रिटिशांची पद्धत निराळी. तटस्थ बंदरात अडचण नको म्हणून त्यांचे गोलंदाज जहाजाच्या करारपत्रावर साध्या खलाशासारखी सही करत. त्यामुळे त्यांची नावं सापडतात ती व्यापारी खलाशांच्या यादीत, लंडनच्या क्यू इथल्या अभिलेखागारात. ११ नोव्हेंबर १९४२ रोजी हिंदी महासागरात ‘ओंडिना’ हे डच तेलवाहू जहाज आणि त्याच्या सोबतीला असलेली रॉयल इंडियन नेव्हीची छोटी ‘बेंगाल’ दोन जपानी हल्लेखोर जहाजांना भिडली आणि त्यांतलं ‘होकोकू मारू’ बुडालं. ‘बेंगाल’ युद्धनौका, तिच्यावर भारतीय नौसैनिक. ‘ओंडिना’च्या तोफेवर ब्रिटिश, ऑस्ट्रेलियन आणि डच. एकाच दुपारच्या लढाईचे कागद असे चार नौदलांत विखुरले. ते कसे जोडायचे, ते पुढच्या आठवड्यात, करारपत्रांपासून सुरुवात करून.