चापाची साधना : .२२ रिव्हॉल्व्हर का?

नेमबाजीत नेम चुकतो तो बहुधा डोळ्यामुळे नाही, बोटामुळे. चाप झटकन ओढला की नळी हलते. ही खोड मोडायला .२२ चे रिव्हॉल्व्हर चांगले: धक्का अगदी कमी, गोळी स्वस्त.

त्यातही डबल ॲक्शन घ्यावे. एकाच ओढीत घोडा मागे जातो, सिलिंडर फिरतो, घोडा सुटतो. ही ओढ लांब आणि जड. .२२ च्या रिमफायर काडतुसात ठिणगीचा मसाला बुडाच्या कडेत असतो. ती कड चेपायला घोड्याचा जोरदार ठोका लागतो, म्हणून स्प्रिंग ताठर. बोटाला हीच तालीम! वजनदार चौकट आणि लांब नळी निवडावी. खिशात मावणारी हलकी रिव्हॉल्व्हरे सरावाला कटकटीचीच.

रिकाम्या रिव्हॉल्व्हरचा चाप ओढू नये. फायरिंग पिन थेट चेंबरच्या काठावर आदळून खाच पडू शकते. डमी काडतुसे वापरावीत.

कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण जिंकले, तेही .२२ रिमफायरवरच. तिथे चापाला किमान १००० ग्रॅम ओढ लागते. १० मीटर एअर पिस्तुलात ५००.

यवतमाळकरांनो, रिव्हॉल्व्हरला जिल्हाधिकाऱ्यांचा परवाना हवा. तो हाती येईपर्यंत १० मीटरचे एअर पिस्तूल धरा. बोट तेच.