फेरारी, बैलजोडी आणि मीठ

डिसेंबर २०२४ संपता संपता रेवदंड्याच्या किनाऱ्यावरची एक चित्रफीत घरोघरच्या मोबाइलवर फिरत होती. मुंबईकर पर्यटकांची एक फेरारी वाळूत रुतली होती. माणसांनी ढकलून पाहिले, गाडी हलेना. शेवटी एक बैलगाडी आली, दोर बांधला गेला आणि बैलांनी ती कोट्यवधींची गाडी ओढून बाहेर काढली. बघणारे पोट धरून हसले. बैलांचे कौतुक झाले, गाडीवाल्याची टिंगल झाली आणि दोन्ही रास्तच होते. आमच्या आगरातल्या मंडळींनी मात्र ती फीत पाहून वेगळाच प्रश्न विचारला. घरी गेल्यावर ती गाडी कोणी धुतली का? आणि धुतली तर कोणत्या पाण्याने?

प्रश्न वरवर साधा आहे. पण रायगडच्या किनाऱ्यावर जन्म काढलेल्या माणसालाच तो सुचेल. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. लाट फुटली की तिचे बारीक तुषार वाऱ्यावर स्वार होतात, पाणी उडून जाते आणि मिठाचा कण तेवढा गावभर हिंडत राहतो. खिडकीच्या गजांवर, वाडीतल्या पंपावर, सायकलच्या साखळीवर तो बसतो आणि वाट पाहतो. हवेतली सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मिठाचा कोरडा कण आपणहून पाझरू लागतो. पावसाळ्यात बरणीतल्या मिठाला पाणी सुटते ते याचमुळे, आणि आपल्या आया-आज्या त्यात तांदळाचे चार दाणे टाकतात त्याही याचसाठी. किनाऱ्यावर ही पातळी वर्षातल्या कितीतरी रात्री ओलांडली जाते. म्हणजे लाटेचा एक थेंबही अंगावर न घेता, नुसती अंगणात उभी असलेली गाडी रात्रभर मिठाच्या पाण्यात भिजत असते.

(अलिबागेत एक वास्तू अशी आहे की तिला या गंजाची फारशी धास्ती नाही. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा १९०४ मध्ये अलिबागला आली. तिच्या बांधकामात लोखंड कटाक्षाने टाळले गेले. कारण वेगळे होते. चुंबकसुईला लोखंडाची बाधा होऊ नये एवढेच. पण खाऱ्या गावात लोखंडाशिवाय बांधलेले घर म्हटले की आमच्यासारख्यांना त्या लोकांचा हेवा वाटतो.)

पूर्वी वेगवान, बुटक्या, दोन दारांच्या गाड्या आमच्याकडे क्वचितच दिसत. पेण-वडखळचा रस्ता त्यांना परवडणारा नव्हता. १५ मार्च २०२० रोजी भाऊचा धक्का ते मांडवा अशी रो-रो बोट सुरू झाली आणि गाडीत बसून तासाभरात समुद्र ओलांडता येऊ लागला. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाला. आता शनिवारी सकाळी मांडव्याच्या जेट्टीवरून जी रांग बाहेर पडते, तिच्यात लाल-पिवळ्या, जमिनीला पोट टेकवून चालणाऱ्या गाड्या हमखास असतात. त्या सगळ्याच काही कोट्यधीशांच्या नसतात. एक आमच्या घरातली आहे, म्हणून तर हा विषय माझ्या गळ्यात पडला.

माझा भाचा पुण्यात नोकरी करतो. पंधरा वर्षांची शिल्लक आणि वर बँकेचे कर्ज असे करून तीन वर्षांपूर्वी त्याने नवी स्पोर्ट्‌स कार नोंदवली. ताईचे म्हणणे होते की त्या पैशांत आणखी एक खोली आली असती. भाच्याचे म्हणणे होते की खोलीत बसून वरंधा घाट चढता येत नाही. नोंदणीआधी तो आमच्याकडे दोन दिवस राहायला आला आणि ओसरीवर त्याने पर्यायांची यादी पसरली. पाने संपता संपेनात. मूळ गाडीची किंमत म्हणजे लग्नातली नुसती अक्षत; मानपान पुढेच. शिवाय कारखान्यातून बसवून येणाऱ्या प्रत्येक वस्तूवर करही भरायचा. शिलाईचा दोरा कोणत्या रंगाचा, पट्टे पिवळे की काळे, स्टिअरिंगला कातडे कोणते, आणि सगळ्यांत आधी चाके कोणती!

त्याने सर्वांत मोठी, चकाकणारी चाके निवडली. एक गोष्ट त्याने महाग म्हणून खोडली, ती म्हणजे बटण दाबल्यावर गाडीचे नाक वर उचलणारी लिफ्ट. आज त्याला विचाराल तर तो नेमके उलटे करील. अशा गाडीच्या पोटाखाली दहा-तेरा सेंटिमीटर जागा असते. भारतीय रस्ते परिषदेच्या मानकानुसार गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद, म्हणजे पसरट हवा. आमच्या गावोगावचे गतिरोधक हे मानक वाचून बांधलेले नाहीत. पहिल्याच महिन्यात गाडीच्या हनुवटीखालची पट्टी खरवडली गेली. बोटीच्या उतारावरही हीच धाकधूक असते. शोभेच्या दहा गोष्टी सोडून ही एक घ्यावी, असे आता मी कोणालाही सांगतो.

दुसरी गोष्ट सुट्या चाकाची. पुष्कळ स्पोर्ट्‌स कारमध्ये पाचवे चाकच नसते. हवा भरण्याचा छोटा पंप आणि भोक बुजवणाऱ्या द्रवाची बाटली मिळते. खिळ्याने पडलेल्या भोकाला ती पुरते. खड्ड्याच्या काठावर टायरची बाजू फाटली तर बाटलीचा काही उपयोग नाही. मोठ्या चाकावर टायरची बाजू पातळ असते, म्हणून फाटण्याचा धोकाही जास्त. एक माप लहान चाक आणि जाड टायर घेतला तर गाडी थोडी कमी रुबाबदार दिसते, एवढेच.

आता त्या चकाकणाऱ्या चाकांची कथा. ही चाके ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची असतात; त्यात सुमारे सात टक्के सिलिकॉन आणि थोडे मॅग्नेशियम असते. साध्या प्रकारात धातूवर रंगाची भुकटी भाजून पक्का थर देतात आणि त्यावर पारदर्शक लॅकर. ‘डायमंड कट’ म्हणतात त्या प्रकारात चाकाचा दर्शनी भाग लेथवर हिऱ्याच्या टोकाने तासून उघडा करतात आणि त्या उघड्या धातूवर फक्त लॅकर असते. आरशासारखी झळाळी तिथूनच येते आणि दुखणेही तिथूनच. एखादा खडा उडाला, लॅकरला सुईच्या टोकाएवढी चीर पडली की खारे पाणी आत शिरते. ॲल्युमिनियमवर निसर्गतः जो संरक्षक पापुद्रा असतो, त्याला मिठातला क्लोराइड भोके पाडतो. मग लॅकरखाली पांढरे, वळवळते दोरे पसरू लागतात. वाळवीने भिंतीवर वाट काढावी तसे. वरून कितीही घासा, ते जात नाहीत, कारण ते वर नसतातच.

भाच्याच्या गाडीला दुसऱ्या पावसाळ्यानंतर हे दोरे दिसले. नवीन चाकांचा भाव ऐकून ताईची खोली पुन्हा चर्चेत आली. मग चाके ‘रिफिनिश’ करायचे ठरले. हे काम करणारे कारखाने आता मोठ्या शहरांत आहेत, पण काम कोणते सांगायचे हे गिऱ्हाइकाला कळले पाहिजे. टायर उतरवायचा. जुना रंग रसायनाने किंवा बारीक कणांच्या माऱ्याने पुरता काढायचा. गंजावरच नवा रंग मारला तर सहा महिन्यांत पहिल्या पदावर. काठाचे ओरखडे घासून सारखे करायचे. मग भुकटीचा रंग लावून भट्टीत साधारण १८० ते २०० अंशांवर भाजायचे. भट्टी यापेक्षा तापवू देऊ नये, कारण चाकाची ताकद कारखान्यात दिलेल्या उष्णतेच्या संस्कारावर अवलंबून असते आणि जास्त आच लागली तर तो संस्कार उतरतो. लेथवर पुन्हा तासून पहिली झळाळी आणता येते, पण दर वेळी धातूचा एक पापुद्रा जातो. फार तर दोन-तीनदा हे करता येईल. तडा गेलेले चाक मात्र झाळून पुन्हा घालू नये. ताशी शंभरच्या वेगात ते काय करील, याचा भरवसा झाळणाराही देणार नाही.

भाच्याने झळाळीचा नाद सोडला आणि चाके साध्या राखी रंगात भाजून घेतली. दिसायला ती पूर्वीपेक्षा बरी दिसतात, असे माझे मत. चाक परत बसवताना आणखी एक पथ्य आहे. ॲल्युमिनियमचे चाक पोलादी हबवर बसते. दोन धातू आणि मध्ये खारे पाणी, म्हणजे छोटी बॅटरीच. चाक इतके घट्ट चिकटते की पंक्चरच्या वेळी लाथा घालूनही सुटत नाही. हबचा गंज तारेच्या ब्रशने साफ करून मगच चाक चढवावे, नट टॉर्क रेंचने, पुस्तिकेतल्या मापानेच आवळावेत आणि पन्नास-शंभर किलोमीटरनंतर पुन्हा तपासावेत. चाके उजळण्यासाठी दुकानात आम्लाच्या बाटल्या मिळतात. त्या घरात आणूच नयेत.

चाक निदान दिसते तरी. गिअरबॉक्स दिसत नाही, म्हणून तो बिचारा कोणाच्या लक्षातच नसतो. आजच्या बहुतेक वेगवान गाड्यांत दोन क्लच असलेला स्वयंचलित गिअरबॉक्स असतो. शर्यतीच्या पोर्शे गाड्यांत तो १९८०च्या दशकात धावला आणि २००३ मध्ये फोक्सवॅगनने तो बाजारातल्या गाडीत आणला. त्याचे काम समजायला स्वयंपाकघर पुरे आहे. एकटीने पोळ्या करायच्या तर लाटून होईपर्यंत तवा रिकामा राहतो. दोघी असल्या तर एकीची तव्यावर फुगते तोवर दुसरीची लाटून तयार असते. इथेही एका क्लचकडे एक, तीन, पाच हे गिअर आणि दुसऱ्याकडे दोन, चार, सहा. एक चालू असतानाच पुढचा तयार असतो, म्हणून गिअर बदललेला कळतही नाही.

यातले क्लच काही गाड्यांत तेलात बुडालेले असतात, काहींत कोरडे. कोरड्या क्लचला पळणे मानवते, रांगणे मानवत नाही. रविवारी संध्याकाळी कार्लेखिंडीपासून जी रांग लागते, तिच्यात फूटभर पुढे, थांबा, फूटभर पुढे, असे तासभर केले की क्लच प्रत्येक वेळी अर्धवट घासतो आणि तापतो. पुढच्या गाडीने दोन-तीन गाड्यांचे अंतर सोडेपर्यंत ब्रेकवर थांबावे आणि मग नीट पुढे जावे. मागचे हॉर्न वाजवतील, वाजवू द्यावेत. चढावर गाडी ॲक्सिलरेटरने तोलून धरू नये. आणि वाळूत चाक फिरू लागले की जोर लावून पाहण्याचा मोह आवरावा. चाक खड्डा खणते, क्लच जळतो, आणि शेवटी बैल आणावेच लागतात. मुळात किनाऱ्यावर वाहने नेण्यास मनाई असते; ती भरती आणि वाळू जाणणाऱ्यांनी घातलेली आहे.

खाऱ्या पाण्याचा आणखी एक छुपा रस्ता आहे. गिअरबॉक्सला श्वास घ्यायला एक लहान नळी असते. तापलेली पेटी एकदम गार पाण्यात गेली की आतली हवा आकसते आणि त्या नळीतून पाणी ओढले जाते. तेल दुधाळ, चहासारखे दिसू लागले तर समजावे की पाणी आत गेले. मग एक दिवसही गाडी चालवू नये. तेल बदलेपर्यंत आतले बेअरिंग गंजत असतात.

तेल कधी बदलायचे, हा प्रश्न भाच्याने सर्व्हिसच्या काउंटरवर विचारला. उत्तर मिळाले, ‘‘सर, लाइफटाइम आहे.’’ घरी येऊन त्याने ते सांगितले तेव्हा ताई म्हणाली, ‘‘कोणाच्या लाइफटाइम?’’ मला वाटते, एवढा नेमका प्रश्न त्या काउंटरवर कोणी कधी विचारला नसेल. तेलातल्या ओल्या क्लचचा कचरा तेलातच साठतो. फोक्सवॅगनच्या सहा गिअरच्या अशा पेटीत दर ६० हजार किलोमीटरला तेल आणि गाळणी बदलावी असे कंपनीच सांगते. उष्ण हवा, घाट आणि रांगा यांत चालणाऱ्या गाडीने ती मर्यादा अलीकडेच ठेवावी. हाताने गिअर टाकण्याची गाडी असेल तर पेटीवर लिहिलेल्या दर्जाचेच तेल हवे. ‘जी एल-४’ मागितले असता ‘जी एल-५’ म्हणजे वरचे, असे समजून कोणी ओतू लागले तर हात धरावा. त्यातली काही गंधकयुक्त रसायने आतल्या पितळी कड्यांना खाऊ शकतात.

विम्याचा कागदही एकदा वाचून घ्यावा. साध्या सर्वसमावेशक विम्यात पाणी शिरून बिघडलेल्या इंजिनाची आणि गिअरबॉक्सची भरपाई सहसा मिळत नाही. त्यासाठी वेगळे जोडकलम घ्यावे लागते. पर्यायांच्या त्या लांबलचक यादीत दोऱ्याच्या रंगासाठी मोजलेल्या पैशांच्या मानाने त्याचा हप्ता फार वाटणार नाही.

गेल्या मे महिन्यात भाचा पुन्हा आला. बोटीने आला होता, त्यामुळे आल्या आल्या त्याने पंचा गुंडाळला आणि गाडी धुवायला अंगणातल्या विहिरीचा पंप सुरू केला. पोटाखालून, चाकांच्या आतून, नीट पाणी मारायचे, हे तो आता शिकला आहे. त्याची मामी स्वयंपाकघरातून धावत बाहेर आली.

‘‘अरे, ते पाणी नको! मे महिन्यात ही विहीर मचूळ होते. साबणाला फेस येत नाही तिच्यात.’’

‘‘मग कुठलं घेऊ, मामी?’’

‘‘नळाचं घे. ज्यात माझी डाळ शिजते ते.’’

त्याने पंप बंद केला आणि पडवीतल्या पिंपातून बादल्या भरायला सुरुवात केली. अकरा बादल्या लागल्या. नळाला पाणी दिवसाआड येते, त्यामुळे त्या दिवशी बाकीच्यांच्या आंघोळी विहिरीवरच उरकल्या.