बाटम्बांगची सर्कसशाळा

नळकांड्यावर फळी, फळीवर दुसरं नळकांडं, त्यावर पुन्हा फळी. असा डळमळता मनोरा रचून त्यावर एक विशीतला मुलगा अनवाणी उभा होता. तोल सावरताना त्याच्या पिंढऱ्या थरथरत होत्या, तिसऱ्या रांगेतून मला त्या स्पष्ट दिसत होत्या. खाली दोन साथीदार हात वर करून उभे. त्यांची नजर त्याच्या चेहऱ्यावर नव्हती, पावलांवर होती. टाळ्यांचा कडकडाट झाला तरी ती नजर हलली नाही. तो खाली उतरून जमिनीवर उभा राहिला, तेव्हाच दोघांनी हात खाली घेतले.

कंबोडियातल्या सिएम रीप गावात सर्कशीचा हा तंबू फेब्रुवारी 2013 मध्ये उभा राहिला. आपल्याकडची मंडळी अंगकोर वाट पाहायला जातात ते हेच गाव. सकाळी तिथल्या बायोन मंदिराच्या भिंतींवर कसरतपटू कोरलेले दिसतात. तसेच कसरतपटू रात्री या तंबूत जिवंत भेटतात. इथे वाघ-सिंह नाहीत, हत्ती नाहीत. माणसं आहेत, बाजूला बसून वाजवणारे वादक आहेत, आणि कोपऱ्यात एक चित्रकार आहे. खेळ चालू असताना तो मोठ्या कॅनव्हासवर चित्र काढत असतो, आणि खेळ संपतो तेव्हा चित्रही पुरं झालेलं असतं. सर्कशीत चित्रकार कशाला, हा प्रश्न मला पडला. त्याचं उत्तर हा तंबू चालवणाऱ्या संस्थेच्या जन्मात आहे.

संस्थेचं नाव फार पोनलू सेल्पाक. यातला ‘फार’ फ्रेंच आहे, म्हणजे दीपस्तंभ. ‘पोनलू’ म्हणजे प्रकाश. आणि ‘सेल्पाक’ म्हणजे कला. हा शब्द आपल्या संस्कृत ‘शिल्पा’वरून तिकडे गेलेला. कंबोडियाच्या वायव्येला असलेल्या बाटम्बांग शहराजवळ 1994 मध्ये नऊ तरुणांनी ती सुरू केली. हे नऊही जण निर्वासितांच्या छावणीत लहानाचे मोठे झाले होते.

1975 ते 1979 या काळात ख्मेर रूज या कम्युनिस्ट गटाच्या राजवटीत कंबोडियाची 17 ते 20 लाख माणसं मेली. उपासमारीने, आजाराने, हत्यांनी. नर्तक, वादक, चित्रकार हे तर त्या राजवटीचे खास बळी. देशातल्या दहापैकी नऊ कलावंत त्यात संपले असं मानलं जातं. म्हणजे मुलाला नाच शिकवायचा तर शिकवणारं कोण, इथपासून प्रश्न. त्यानंतरही युद्ध थांबलं नाही आणि लाखो लोक थायलंडच्या सीमेवरच्या छावण्यांत अडकून पडले. त्यांतल्या ‘साइट टू’ नावाच्या छावणीत वेरोनिक देक्रोप ही फ्रेंच कलाशिक्षिका मुलांना चित्रकला शिकवू लागली. हाताशी कागद आणि पेन्सिल आल्यावर, बोलून सांगता न येणारं ती मुलं कागदावर उतरवू लागली. छावण्या मिटल्यावर याच वर्गातले विद्यार्थी मायदेशी परतले आणि त्यांनी गावातल्या पोरांसाठी तसाच वर्ग उघडला. तंबूतला चित्रकार तिथून आला आहे. ही संस्था आधी चित्रशाळा आहे आणि मग सर्कस.

सर्कशीचं शिक्षण सुरू झालं 1998 मध्ये. संस्थापकांपैकी खुऑन देत यांनी तो भाग उभा केला. रस्त्यावर वाढणारी, भंगार वेचणारी, घरातल्या मारझोडीला कंटाळून पळालेली मुलं चित्रकलेच्या वर्गात शांत बसत नसत. कोलांट्या मारायला मात्र ती धावत आली.

सर्कस आणि गरिबाघरची मुलं हे शब्द शेजारी आले की माझ्या पोटात गोळा येतो, हे मोकळेपणाने सांगते. आपल्याकडे सर्कशीचा पाया विष्णुपंत छत्र्यांनी 1880 मध्ये घातला, त्याचा आपल्याला अभिमान आहे. पण याच भारतात पुढे नेपाळातून आणलेली लहान मुलं सर्कशींना विकली गेली, आणि अखेर 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सर्कशीत मुलांकडून काम करून घेण्यावर बंदी घालावी लागली. चौकात ढोलकीच्या तालावर दोरीवर चालणारी डोंबाऱ्याची पोर आपण सगळ्यांनी पाहिली आहे. तिच्या थाळीत नाणं टाकून आपण पुढे गेलो आहोत.

दोरी तीच आणि तोलही तोच. मग बाटम्बांगमध्ये वेगळं काय? तिथे मूल आधी विद्यार्थी असतं. शाळेच्या आवारातच सरकारी शाळेचे वर्ग भरतात. अर्धा दिवस अभ्यास आणि उरलेल्या वेळात नाच, नाटक, संगीत, चित्रकला, कसरत, असा क्रम. कलेचं शिक्षण फुकट मिळतं. घरी अडचण असेल तर समाजसेवक घरी जातात. तंबूत उतरतात ते शिकून बाहेर पडलेले तरुण, आणि त्यांना पगार मिळतो. तंबूच्या नफ्यातला मोठा वाटा पुन्हा शाळेकडे जातो. म्हणजे थोरल्यांच्या कसरतीवर धाकट्यांची शाळा चालते.

त्या रात्री मी सर्वाधिक विचार केला तो खाली उभ्या असलेल्या त्या दोघांचा. ज्या मुलाला कुणी कधी धरलं नाही, त्याला इथे पहिल्या दिवसापासून कुणीतरी धरतं. मनोऱ्यात तो कुणाच्या तरी खांद्यावर उभा असतो आणि त्याच्या खांद्यावर आणखी कुणीतरी. इथे एकाने हात काढला तर दुसऱ्याचं हाड मोडतं. समुपदेशनाच्या खोलीत ‘विश्वास ठेव’ असं कितीही सांगितलं तरी जे कळत नाही, ते कमरेला हात लावून कोलांटी शिकवणारा गुरू रोज अंगाला शिकवतो. ‘सोखा’ नावाच्या त्यांच्या खेळात ख्मेर रूजच्या भयानक आठवणींनी पछाडलेली एक मुलगी आहे. तिची गोष्ट ती मुलं शब्दांत फारशी सांगत नाहीत. उड्या, पडणं आणि झेलणं यांतूनच ती आपल्यापर्यंत पोचते.

करोनाने पर्यटक बंद झाले आणि तंबू ओस पडला. मार्च 2021 मध्ये या कलावंतांनी सलग 24 तासांहून अधिक वेळ खेळ करून जागतिक विक्रम नोंदवला. आम्ही अजून आहोत, हे जगाला सांगण्याची त्यांची ती रीत होती. त्याच वर्षी संस्थापकांपैकी चित्रकार स्रे बांदौल करोनाने गेले. छावणीत चित्र शिकलेल्या त्या नवांतला एक कमी झाला. त्यांनी घडवलेले चित्रकार आज कंबोडियात नाव कमावून आहेत.

अंगकोरला जाणाऱ्या आपल्या सहलींच्या कार्यक्रमपत्रिकेत संध्याकाळी बहुधा बाजार असतो. त्यातली एक संध्याकाळ या तंबूसाठी मागून घ्या. खेळ रात्री आठला सुरू होतो आणि तासाभरात संपतो. जमलं तर बाटम्बांगलाही जा, तिथलं आवार पाहुण्यांना पाहता येतं. आणि तिकीट काढाल ते दान म्हणून नको, खेळ पाहायचा म्हणून काढा. ती मुलं दान मागत नाहीत.