गणपतीत आणलेली ट्यूब दिवाळीतही शिल्लक कशी?

"अंगाला मलमाची सवय झाली हो. पहिले दोन आठवडे गुण आला, आता काही उपयोग होत नाही." सोरायसिस असलेल्यांकडून हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की पुढचा प्रश्न आपोआप तोंडातून निघतो. ट्यूब कधी आणली? गणपतीत. संपली? नाही, अर्धी आहे अजून. आणि बाहेर आकाशकंदील लागलेले!

जरा हिशेब मांडू. तर्जनीच्या शेवटच्या पेरावर मलमाची रेघ ओढली की साधारण अर्धा ग्रॅम होतं आणि ते हाताच्या दोन पंजांएवढ्या त्वचेला पुरतं. कार्डिफच्या लाँग आणि फिनले यांनी १९९१ मध्ये सुचवलेलं हे माप जगभर वापरलं जातं. कोपर, गुडघे, कंबर मिळून चार पंजांएवढे चट्टे असले तर एका वेळेला एक ग्रॅम. डॉक्टरांनी दोनदा लावायला सांगितलं असेल तर ३० ग्रॅमची ट्यूब पंधरा दिवसांत संपायला हवी. ती दोन महिने पुरत असेल तर मलमाला दोष कशाला?

हा नुसता माझा वैताग नाही. अशी 'सवय' होते का, हे पाहायला १९९९ साली १२ आठवड्यांचा अभ्यास झाला. ती दाखवता आली नाही. उलट अमेरिकेतल्या फेल्डमन आणि सहकाऱ्यांनी औषधाच्या झाकणात चिप बसवून झाकण किती वेळा उघडतं ते मोजलं. २००४ मध्ये त्यांनी लिहिलं की सुरुवातीला सुमारे ८५ टक्के असलेला नेम आठ आठवड्यांत ५१ टक्क्यांवर आला. रुग्णांच्या स्वतःच्या नोंदी मात्र प्रत्यक्षापेक्षा जास्त वापर दाखवत होत्या. ही माणसं खोटारडी होती असं मुळीच नाही. मलम चिकट असतं, बनियनला लागतं, चादर खराब होते, रात्री झोप अनावर होते. राहून गेलेले दिवस आठवत नाहीत, एवढंच.

इथे मोबाइल कामाला येतो. डेन्मार्कमधल्या १३४ रुग्णांच्या चाचणीत (२०१८) सगळ्यांना २८ दिवस रोज एकदा तोच फोम लावायचा होता आणि सगळ्यांच्या फोमच्या डब्याला चिप होती. निम्म्यांना जोडीला अ‍ॅप दिलं. ते रोज आठवण करायचं आणि किती वेळा, किती फोम लावला ते दाखवायचं. किमान ८० टक्के दिवस औषध लावणारे अ‍ॅपच्या गटात ६५ टक्के निघाले, दुसऱ्या गटात ३८. चट्टेही अ‍ॅपवाल्यांचे थोडे जास्त उतरले. 'थोडे' हा शब्द मुद्दाम वापरलाय. आठव्या आणि सव्विसाव्या आठवड्यात हा फरक ठामपणे सांगण्याइतका उरला नव्हता.

'अ‍ॅप म्हणजे गजरच ना?' गजर बंद करून कूस बदलता येते. चिपची नोंद मात्र डॉक्टरांसमोर उघडता येते. मलम खरोखरच अपुरं पडतंय की लावलंच गेलं नाही, हे कळल्यावरच फोटोथेरपी, गोळ्या किंवा महागड्या इंजेक्शनांचा विचार व्हावा. मलम नेमाने लावूनही ज्यांचं भागत नाही असे रुग्ण असतातच, आणि त्यांना 'तुम्ही लावत नसाल' असं ऐकवणं हा अन्याय आहे.

'स्टेरॉइड आहे, कमीच लावलेलं बरं.' भीती निराधार नाही. गोरेपणासाठी दुकानातून परस्पर आणलेल्या स्टेरॉइड क्रीमने आपल्याकडे कित्येक चेहरे बिघडले आहेत. पण डॉक्टरांनी ठरवलेली ताकद, जागा आणि मुदत सोडून मनानेच कमी लावणं म्हणजे सुरक्षितता नव्हे.

'रोज लावा म्हणजे कायम लावा.' नाही. कधी आणि कसं थांबवायचं तेही डॉक्टरच सांगतात.

'फोटो टाकला की अ‍ॅप निदान करतं.' गजकर्ण आणि सोरायसिस यांची गल्लत नुसत्या डोळ्यांनीही होते, मग फोटोवर कसं विसंबायचं?

'संसर्गजन्य आहे, टॉवेल वेगळा ठेवा.' अजून? सोरायसिस शरीराच्याच प्रतिकारयंत्रणेच्या गडबडीतून होतो, स्पर्शाने पसरत नाही.

चिप असलेला डबा आपल्याकडे सहज मिळणार नाही. मोबाइलमधली रोजची आठवण आणि कॅलेंडरवरची एक खूण यांना खर्च नाही. ट्यूब उघडली त्या दिवशीची तारीख खोक्यावर पेनाने लिहा, आणि पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाताना ते खोकं ट्यूबसकट बरोबर न्या.