व्हॉल्व्हचा बफर : केव्हा घ्यावा, केव्हा टाळावा

ट्रान्झिस्टर अॅम्प्लिफायरच्या आधी व्हॉल्व्हचा बफर जोडला की आवाज गोड होतो, असे सांगून हा जोड विकला जातो. पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर जाऊन सुटे भाग आणण्यापूर्वी, मुळशी तालुक्यातील मालेसारख्या गावात दुरुस्तीचे काम करणाऱ्या कारागिरानेही हा माल नीट समजून घ्यावा, असे आम्हाला वाटते.

बफरने ताकद वाढत नाही. ईसीसी ८२ हा व्हॉल्व्ह कॅथोड फॉलोअर म्हणून जोडला, तर १ व्होल्ट आत गेल्यावर सुमारे ०.९ व्होल्टच बाहेर येतो. कापडाच्या धंद्यात आम्ही अस्तर विकतो. अस्तराने कापडाची लांबी वाढत नाही, ते अंगावर नीट बसते. बफरचेही तसेच आहे. आधीच्या यंत्रावर तो भार टाकत नाही आणि पुढच्या यंत्राला सिग्नल दमाने पोचवतो.

जुन्या रेकॉर्ड प्लेअरच्या क्रिस्टल पिकअपला सुमारे १० लाख ओहमचा भार लागतो. पिकअपची कपॅसिटी १००० पिकोफॅराड धरली आणि तो थेट ४७,००० ओहमच्या अॅम्प्लिफायरला जोडला, तर साधारण ३४०० हर्ट्झच्या खालचा आवाज उतरत जातो. खर्ज जवळजवळ नाहीसा होतो. मध्ये १० लाख ओहमचा बफर दिला की ही मर्यादा १६० हर्ट्झवर येते. इथे खर्च सार्थकी लागतो.

सीडी प्लेअर किंवा मोबाईलला मात्र बफरची गरज नसते. तिथे थोडा व्हॉल्व्हचा रंग मिळेल, पण तो आवडीचा प्रश्न आहे. भार सांभाळण्याचे काम तर स्वस्तातला एफईटीही करतो.

जोखीमही ओळखावी. या जोडात १५० ते २५० व्होल्ट डीसी असतात. वीज बंद केल्यावरही कपॅसिटर भरलेले राहतात. ते रेझिस्टरमधून रिकामे करूनच हात घालावा. बाहेरचा कपॅसिटर गळका निघाला तर डीसी पुढे जाऊन अॅम्प्लिफायर बिघडतो, कधी स्पीकरची कॉइलही जळते. म्हणून तिथे जुना कपॅसिटर वापरू नये. चालू करताना बफर आधी, अॅम्प्लिफायर अर्ध्या मिनिटाने. बंद करताना उलट.

विक्रीपूर्वी गिऱ्हाईकाला बफर लावून आणि काढून, दोन्ही वेळा आवाजाची पातळी सारखी ठेवून ऐकवावे. मोठा आवाज कानाला नेहमीच चांगला वाटतो, म्हणून ही काळजी. फरक त्याला पटला तरच पैसे घ्यावेत. असे गिऱ्हाईक पुन्हा दुकानात येते.