सौर बंब घेताना आधी पाणी पाहा

लातूर/नांदेड - युरोपात एका बॉयलरवर सारे घर ऊबदार ठेवतात. मराठवाड्यात थंडी तेवढी पडत नाही. येथे तापवावे लागते ते आंघोळीचे पाणी. तांब्याच्या बंबाची जागा गिझरने घेतली आणि आता गच्चीवरील सौर बंबाचा विचार होतो. हिशेब सोपा आहे. शंभर लिटर पाणी 20 अंशांवरून 50 अंशांपर्यंत तापवण्यास सुमारे साडेतीन युनिट वीज लागते. महिन्याला शंभराहून अधिक. मात्र कोणता बंब घ्यावा, हे येथे उन्हापेक्षा पाण्यावर ठरते.

बंबाचे मुख्य प्रकार दोन. पहिल्यात काचेखाली काळा पत्रा व त्याला जोडलेल्या तांब्याच्या अरुंद नळ्या असतात. तो टिकाऊ, पण महाग. बोअरच्या जड पाण्याने या नळ्यांत क्षारांचे थर साचतात आणि पाण्याचे अभिसरण मंदावते. बादलीला पांढरे डाग पडत असतील, साबणाला फेस येत नसेल, तर हीट एक्स्चेंजर असलेलाच संच घ्यावा. त्यात तापणारे पाणी वेगळे आणि वापराचे वेगळे राहते. नांदेडला विष्णुपुरीचे, लातूरला मांजरा धरणाचे पाणी येते. पण नळाचे व बोअरचे पाणी एकाच टाकीत पडत असेल, तर निकष बोअरचाच लावावा.

दुसरा प्रकार दुहेरी काचेच्या निर्वात नळ्यांचा. तो स्वस्त असतो, नळ्या रुंद असल्याने क्षारांनी लवकर तुंबत नाही. त्याचा शत्रू कोरडेपणा. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागलेल्या लातूरला हे वेगळे सांगायला नको. वरची टाकी रिकामी राहिली, की नळ्यांतील पाणी उन्हाने उकळून आटत जाते. मग टँकर येतो, भर दुपारी गार पाणी तापलेल्या काचेत शिरते आणि काच तडकते. अशा वेळी नळ्या कापडाने झाकाव्यात व पाणी पहाटेच सोडावे. त्याहून बरा उपाय जोडणीच्या वेळीच करता येतो: घरवापराचा पाइप टाकीच्या थोड्या उंचीवरून काढावा, बंबाचा त्याखालून. म्हणजे शेवटचे पाणी बंबासाठी उरते. नळकाम करणाऱ्यास हे आधीच बजावावे लागते, एरवी दोन्ही पाइप एकाच उंचीवर बसतात.

गॅस गिझर झटपट पाणी देतो, पण बंद न्हाणीघरात तो जीवघेणा ठरू शकतो. ज्वलनातून निर्माण होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वासही नसतो. हा गिझर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेतच बसवावा.

सदनिकाधारकांसाठी आणखी एक बाब. गच्चीपासून तळमजल्यापर्यंत अर्ध्या इंची पाइप वीस मीटर असेल, तर गरम पाणी येण्याआधी सुमारे साडेतीन लिटर गार पाणी सोडावे लागते. ते बादलीत धरून ठेवायची तयारी नसेल, तर खालच्या मजल्यावर लहान विजेचा गिझरच बरा.