लिंकनची लढाई आणि सुप्याची कर्जखतं

छत्रपती संभाजीनगरच्या गारखेड्यातल्या सूतगिरणी चौकातून रोज हजारो गाड्या जातात. अमेरिकेच्या यादवी युद्धाची गोष्ट इथून सुरू करायला हरकत नाही, कारण ते युद्ध आपल्याकडे आलं ते कापसाच्या वाटेनं.

1860-61च्या हिवाळ्यापासून दक्षिणेतली राज्यं एकेक करून फुटत गेली, शेवटी ती 11 झाली. भांडण राज्यांच्या हक्कांचं होतं, असं सांगणारे आजही भेटतात. पण फुटताना मिसिसिपी, टेक्साससारख्या राज्यांनी जी कारणं लिहून ठेवली, त्यांत गुलामगिरी लपवलेली नाही. सुमारे 40 लाख माणसं तिथं मालमत्ता म्हणून नोंदलेली होती. (आपलं शहर 1610 मध्ये वसवणारा मलिक अंबरही विकला गेलेला हबशी गुलाम. पण तो निजामशाहीचा कारभारी होऊ शकला. अमेरिकेतल्या कापसाच्या मळ्यावर असला रस्ता नव्हता.)

याच गुलामांच्या घामाचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना लागे. उत्तरेच्या नौदलानं दक्षिणेची बंदरं अडवली आणि गिरण्यांचे डोळे मुंबईकडे लागले. वऱ्हाड-खानदेशात भाव कडाडले. मुंबईत तर पैसा ठेवायला जागा पुरेना, म्हणून समुद्र बुजवून जमीन काढणाऱ्या कंपन्यांच्या शेअरवर लोक तुटून पडले. या खेळातला मोठा गडी प्रेमचंद रायचंद. राजाबाई टॉवर त्यांच्याच देणगीतला, आईच्या नावानं उभारलेला. एप्रिल 1865 मध्ये दक्षिणेचा सेनापती ली शरण आला आणि ती बातमी येताच मुंबईचा बाजार कोसळला. बँक ऑफ बॉम्बे 1868 मध्ये बुडाली.

भाव पडले तरी कुणब्याचं कर्ज होतं तेवढंच राहिलं, वर व्याज चढत गेलं. 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकरी सावकारांच्या दारात गेले. त्यांना हवी होती ती कर्जखतं. ती हिसकावून जाळली गेली, आणि हे लोण नगर जिल्ह्यापर्यंत पोचलं. सगळं खापर अमेरिकेवर फोडणं मला पटत नाही. पुणे-नगर हे काही कापसाचे मुलूख नव्हेत. सरकारनं सारा वाढवला होता आणि दिवाणी कोर्टाचा हुकूमनामा सावकाराच्या हातात होता. मात्र तेजीत मोकळ्या हातानं उधार देणारा सावकार मंदीत एकदम हात आखडतो, याचा अनुभव सगळ्या दख्खननं घेतला. 1879 मध्ये सरकारला शेतकऱ्यांसाठी वेगळा कायदा करावा लागला.

आता पलीकडचं पाहा. डिसेंबर 1865 मध्ये तेराव्या घटनादुरुस्तीनं गुलामगिरी संपली, पण मुक्त झालेल्यांना जमीन मिळाली नाही. जुन्याच मालकाच्या रानात ते बटाईनं राबू लागले. बी, अवजारं, पोटाला धान्य दुकानदार उधारीवर देई, आणि पीक कापणीआधीच त्याच्याकडे गहाण. सुप्याच्या कुणब्याला हा हिशेब समजावून सांगावा लागला नसता.

1873 मध्ये जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केली, ती त्यांनी गुलामांना दास्यातून मुक्त केलं म्हणून. तेव्हा दक्षिणेत काळे पुरुष मत देत होते, विधिमंडळात बसत होते. म्हणजे अर्पणपत्रिका आशेच्या ऐन भरातली. चारच वर्षांनी, 1877 मध्ये, उत्तरेनं दक्षिणेवरचा पहारा काढून घेतला. पुढं कर, परीक्षा आणि दहशत वापरून मताचा हक्क हिरावला गेला. ही उतरण फुल्यांपर्यंत किती पोचली असेल? 1883 च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये ते कर्ज, कोर्ट आणि सरकारी अंमलदार-कारकुनांवर तुटून पडतात. कायद्यानं मोकळा असलेला माणूस जखडला कसा जातो, हे त्यांनी इथंच पाहिलं होतं.

अमेरिकेत या अपुऱ्या मुक्तीचा इतिहास डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांनी 1935 मध्ये मांडला. जुलै 1946 मध्ये त्यांना मुंबईहून एक पत्र गेलं. अमेरिकेतल्या काळ्या लोकांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे जो अर्ज केला होता, त्याच्या प्रती पत्रलेखकाला हव्या होत्या. तो लेखक म्हणजे डॉ. आंबेडकर. चार वर्षांनी त्यांच्या पुढाकारानं आपल्या शहरात महाविद्यालय निघालं, तेच पुढं मिलिंद झालं. तिथले डॉ. म. ना. वानखडे साठच्या दशकात अमेरिकेत शिकून परतले, तेव्हा काळ्या लेखकांचं साहित्य मिलिंदच्या नागसेनवन परिसरात चर्चेला आलं.